पावसाचं पाणी करारात कसं लिहायचं? : वाचकांचे प्रश्न

सांगली, मिरज, कुपवाड आणि साताऱ्याहून आलेल्या यंदाच्या पत्रांचा रोख एकाच गोष्टीवर आहे. ले-आऊट पडतो, रस्ते होतात, प्लॉट विकले जातात आणि पहिल्या मोठ्या पावसात कळतं की पाणी कुठं जायचं हे कागदावर कुठंच नाही. म्हणून या वेळी विकसन करारनाम्यात पावसाळी पाण्याची व्यवस्था कशी लिहावी, याच प्रश्नांना जागा दिली आहे.

आमची तीन भावांची मिळून एक हेक्टर जमीन आहे. ती ले-आऊट पाडण्यासाठी विकसकाला देत आहोत. मसुद्यात 'रस्ते, गटार, पाणी, लाईट वगैरे सर्व सोयी विकसक स्वखर्चाने करील' एवढंच आहे. पावसाच्या पाण्याबद्दल वेगळं लिहायची गरज आहे का? असल्यास काय लिहावं? (कुपवाड)

गरज आहे, आणि ती सही होण्याआधीच आहे. तुमच्या मसुद्यातल्या ओळीवर विकसकानं रस्त्याकडेला नऊ इंचाची नाली बांधली तरी त्याचं काम पूर्ण झालं असं म्हणता येईल. ती नाली कुठं जाऊन पडते, तिचा उतार किती, मोठ्या पावसात ती पुरते का, हे विचारायला करारात आधारच उरत नाही. त्याहून वाईट म्हणजे सांडपाण्याची ड्रेनेज लाईन टाकून 'गटार झाली' असंही दाखवता येतं. मग सांडपाणी आणि पावसाचं पाणी एकाच पाईपात जातं आणि वळवाच्या पहिल्या सरीला चेंबरची झाकणं उचलली जातात.

म्हणून करारनाम्याच्या सुरुवातीला, जिथं 'मालक', 'विकसक', 'सदर मिळकत' यांच्या व्याख्या असतात, तिथं एक व्याख्या वाढवा. मसुदा असा ठेवता येईल:

'पावसाळी पाणी व्यवस्था म्हणजे परिशिष्ट क मधील नकाशात हिरव्या रेषेने दाखवलेली व परिशिष्ट ड मधील तक्त्यात नोंदलेली, सदर मिळकतीत पडणारे तसेच वरच्या बाजूने मिळकतीत येणारे पावसाचे पाणी गोळा करणे, वाहून नेणे, काही काळ धरून ठेवणे, जमिनीत मुरवणे व ठरलेल्या ठिकाणी सोडणे यासाठीची सर्व बांधकामे आणि त्यांखालील व त्यांलगतची राखीव जागा. यात रस्त्याकडेची पावसाळी गटारे, जाळ्या, चेंबर, गाळकुंड्या, भूमिगत पाईप, रस्त्याखालील मोऱ्या, पाणी धरण्याचे तळे, त्याचा बांध, निर्गम चेंबर व सांडवा, शोषखड्डे, पाणी सोडण्याचे शेवटचे मुख व तेथील दगडी अस्तर, आणि या सर्वांपर्यंत यंत्र नेण्यासाठी राखलेली किमान ३ मीटर रुंदीची पट्टी यांचा समावेश होतो. सांडपाणी वाहिन्या, सेप्टिक टाक्या, प्रत्येक प्लॉटच्या आतील छताचे पाईप आणि महापालिकेचा किंवा शासनाचा अस्तित्वातील नाला यांचा समावेश होत नाही.'

नकाशात निळी रेषा वापरू नका. आपल्या भागात निळी आणि लाल रेषा म्हटलं की पूररेषाच डोळ्यांपुढे येते, आणि नकाशा वाचणाऱ्याची गल्लत होते.

आता या व्याख्येतले काही शब्द का घातले ते पाहू, कारण वाटाघाटीत नेमके तेच गाळायचा आग्रह होतो.

'वरच्या बाजूने मिळकतीत येणारे' हे शब्द गेले की गटाराचं माप फक्त तुमच्या एक हेक्टरपुरतं धरलं जातं. वरच्या गटातलं पाणी पिढ्यान्‌पिढ्या तुमच्या बांधावरून उतरत आलं असेल, तर रस्ते झाल्यावरही ते त्याच वाटेनं येणार. मोजणीच्या वेळी गटनकाशावर ओघळी, ताली, बांधातली फाटी दाखवून घ्या. वरच्या बाजूचं किती क्षेत्र तुमच्याकडे उतरतं ते हेक्टरमध्ये तक्त्याच्या डोक्यावर लिहा.

'राखीव जागा' हे शब्द गेले तर पाईप तुमचा राहतो आणि पाईपावरची जमीन प्लॉट घेणाऱ्याची होते. तो तिथं कंपाऊंड बांधतो, गाडीचं शेड घालतो, आणि पाच वर्षांनी चेंबर साफ करायला जेसीबी आणायला वाट राहत नाही. पट्टीची रुंदी ३ मीटर धरली आहे ती जेसीबीला पुढं सरकून बादली टाकता यावी म्हणून. नुसत्या माणसाला चालायला एक मीटर पुरेल, पण गाळ डोक्यावरून वाहून नेण्याचे दिवस गेले.

'समावेश होत नाही' हा भाग मालकाच्या हिताचा आहे तितकाच विकसकाच्याही. महापालिकेच्या नाल्यातला गाळ काढणं विकसकाच्या माथी मारता येत नाही, आणि प्लॉटच्या आतला छताचा पाईप गळतो म्हणून कुणी तुमच्याकडे येत नाही. शेवटच्या मुखापर्यंत विकसक, त्यापुढं महापालिका, ही हद्द एका चेंबरच्या क्रमांकानं लिहा. 'नाल्यापर्यंत' एवढं लिहिलं तर नाल्याच्या काठावरचे शेवटचे चार-पाच मीटर कुणाचेच नसतात आणि माती नेमकी तिथंच खचते.

परिशिष्ट ड चा तक्ता साधा असू द्या, पण रकाने भरलेले हवेत : क्रमांक, प्रकार, लांबी, आतलं माप, उतार, वहनक्षमता (सेकंदाला किती लिटर पाणी नेतं), सुरुवातीची आणि शेवटची तळपातळी, साहित्य, आणि काम झाल्यावर कुणाच्या ताब्यात जाणार. तळपातळी म्हणजे पाईपाच्या किंवा गटाराच्या आतल्या तळाची उंची. ती कशावरून मोजली तो कायम खुणेचा दगडही नकाशावर दाखवा. रस्त्यावरचा विजेचा खांब किंवा कुणाच्या घराचा ओटा ही खूण धरू नका. खांब हलतात, ओटे उंचावतात.

व्यवहारात एक अडचण येतेच : करारावर सही होते तेव्हा ले-आऊट मंजूर झालेला नसतो, मग नकाशा आणि तक्ता आणायचा कुठून? अशा वेळी दोन टप्पे करा. मूळ करारात व्याख्या आणि किमान अटी लिहा : किती पाणी वाहून नेता आलं पाहिजे, मिळकतीबाहेर सेकंदाला जास्तीत जास्त किती लिटर सोडायचं, शेवटचं मुख कोणत्या नाल्यावर. सोबत अट घाला की अंतिम रेखांकन मंजूर झाल्यापासून ६० दिवसांत दोन्ही परिशिष्टांसह पुरवणी करारनामा दुय्यम निबंधकांकडे नोंदवला जाईल, आणि तोवर विकसकाला कोणत्याही प्लॉटचं खरेदीखत करता येणार नाही. ही शेवटची अट नसेल तर पुरवणी करारनामा होत नाही. प्लॉट विकले गेल्यावर त्याची घाई कुणालाच नसते.

परिशिष्टाच्या प्रत्येक पानावर दोन्हीकडच्या सह्या हव्यात आणि ती पानं नोंदणी झालेल्या दस्ताचा भाग असली पाहिजेत. 'नकाशा अभियंत्याकडे आहे' असं तोंडी सांगून काही उपयोग नाही.

गटार 'योग्य मापाचं' असावं असं आमच्या करारात लिहिलंय. विकसक म्हणतो तेवढं पुरेसं आहे. आकडा घालायचा तर तो काढायचा कसा? (विश्रामबाग, सांगली)

'योग्य' म्हणजे किती, यावर पुढं वाद झाला तर दोन अभियंते दोन आकडे सांगतील. आकडाच घाला. नेमकी रचना तुमच्या अभियंत्यानं करावी, पण त्याची तपासणी करता येईल इतका हिशेब मालकालाही जमतो.

सूत्र असं : पाण्याचा लोंढा, घनमीटर प्रतिसेकंद = प्रवाह गुणांक × पावसाचा ताशी जोर मिलिमीटरमध्ये × क्षेत्र हेक्टरमध्ये ÷ ३६०. प्रवाह गुणांक म्हणजे पडलेल्या पाण्यातलं किती वाहून जातं. छत आणि डांबरी रस्त्याला तो ०.९ च्या आसपास येतो, गवताळ मोकळ्या जागेला बराच कमी. पूर्ण बांधलेल्या ले-आऊटला सरासरी ०.७ धरणं वावगं नाही. शेतजमिनीला उदाहरणापुरता ०.३ धरू, पण काळी माती एकदा फुगली की पाणी आत घेईनाशी होते, म्हणून ऐन पावसाळ्यात तो यापेक्षा जास्त असतो.

एक हेक्टर आणि ताशी ६० मिलिमीटरचा जोर धरला, तर शेत असताना ०.३ × ६० × १ ÷ ३६० = ०.०५, म्हणजे सेकंदाला ५० लिटर. ले-आऊट झाल्यावर ०.७ × ६० × १ ÷ ३६० = ०.११७, म्हणजे ११७ लिटर. तेवढ्याच जमिनीवरून दुपटीहून जास्त पाणी, तेही आधीपेक्षा लवकर. ६० हा आकडा इथं हिशेब दाखवण्यासाठी घेतला आहे. तुमच्या जागेचा आकडा जवळच्या पर्जन्यमापकाच्या नोंदीवरून, आणि किती वर्षांतून एकदा येणारा पाऊस धरायचा ते ठरवून घ्यावा लागतो. करारात ही दोन्ही गृहीतकं लिहा : ताशी जोर आणि किती वर्षांतून एकदा.

आता पाईप. काँक्रीटचा ४५० मिलिमीटर व्यासाचा पाईप ५०० ला १ (५०० मीटर लांबीत १ मीटर) उतारावर पूर्ण भरून सेकंदाला साधारण १२५ लिटर नेतो, म्हणजे आपले ११७ लिटर बसतात. त्याच उतारावर ३०० मिलिमीटरचा पाईप जेमतेम ४३ लिटर नेतो. व्यास दीडपट झाला की वहन जवळजवळ तिप्पट होतं, म्हणून 'एक साईज कमी टाकू' ही बचत महागात पडते. पाण्याचा वेग सेकंदाला ०.६ मीटरच्या खाली गेला तर माती पाईपात बसते. रस्त्याखालून जाणारा पाईप एनपी३ दर्जाचा (एनपी म्हणजे काँक्रीट पाईपाची भार पेलण्याची श्रेणी), आयएस ४५८ या भारतीय मानकाप्रमाणे, असं नावानिशी लिहा. एनपी२ स्वस्त पडतो, पण भरलेल्या ट्रकच्या चाकाखाली तो टिकत नाही.

मुख्य प्रश्न उरतो जादा ६७ लिटरचा. खालचा नाला तेवढं घेणार असेल तर ठीक. नसेल तर ते पाणी आपल्याच हद्दीत काही वेळ धरावं लागतं. अर्धा तास असा पाऊस झाला तर ६७ × १८०० म्हणजे सुमारे १,२०,००० लिटर, १२० घनमीटर. तळाला ८ मीटर × ८ मीटर, १ मीटर पाणी आणि बाजू ३ ला १ (१ मीटर उंचीला ३ मीटर आडव्या) अशा सौम्य ठेवल्या, तर वर १४ × १४ मीटर होऊन सुमारे १२४ घनमीटर बसतात. पाण्याच्या वर ३० सेंटिमीटर मोकळा काठ ठेवला की एकूण जागा अडीच गुंठ्यांच्या घरात जाते. बाजू सौम्य ठेवायच्या त्या मुलांसाठी : पाय घसरला तर चढून येता आलं पाहिजे. सरळ भिंतीची टाकी जागा वाचवते, पण तिला कुंपण आणि शिडी लागते.

तळ्यातून पाणी बाहेर पडायला निर्गम चेंबरच्या भिंतीत १५० मिलिमीटरचं गोल भोक ठेवलं, तर १ मीटर पाणी असताना त्यातून सेकंदाला साधारण ४५ लिटर जातात. पाऊस थांबल्यावर तळं सव्वा ते दीड तासात रिकामं होतं. डासांच्या दृष्टीनं हेच हवं. भोकाच्या आधी तिरकी जाळी लावा, नाहीतर प्लॅस्टिक आणि उसाचं पाचट अडकून ते पहिल्याच पावसात बंद होतं. भोक बुजलं तरी बांध फुटू नये म्हणून वर सांडवा लागतो, पूर्ण ११७ लिटर नेईल इतक्या रुंदीचा.

हे तळं ले-आऊटच्या १० टक्के मोकळ्या जागेत बसवायचं का, हे मंजुरीआधी नगररचना विभागाकडून लेखी घ्या. एक हेक्टरमागं मोकळी जागा १,००० चौरस मीटर असते. त्यातली पाव जागा तळ्यात गेली तर मुलांच्या मैदानाचं काय, हा प्रश्न प्लॉटधारक नंतर विचारणारच. आमचं मत असं की रस्त्याच्या सर्वांत खालच्या टोकाला तळ्यासाठी वेगळी जागा सोडावी. एखादा प्लॉट कमी झाला तरी चालेल. तीच जागा पुढं कुणी प्लॉट म्हणून विकू नये यासाठी नकाशावर तिचं क्षेत्र चौरस मीटरमध्ये आणि चारही कोपऱ्यांच्या खुणा द्या.

आमच्या शेताच्या वरच्या बाजूला ले-आऊट पडला. त्यांनी दोन फुटी पाईप थेट आमच्या बांधावर आणून सोडलाय. विकसक म्हणतो, पाणी उताराकडंच जाणार, कायदाच तसा आहे. खरं आहे का? (मिरज तालुका)

अर्धं खरं आहे. भारतीय सुविधाधिकार अधिनियम १८८२ च्या कलम ७ मध्ये वरच्या जमिनीवर पडलेलं, ठरावीक पाटात न वाहणारं पाणी नैसर्गिकपणे खालच्या जमिनीवर उतरू देण्याचा हक्क मानला आहे. पण तो हक्क नैसर्गिक उतरणीचा आहे. छतं, रस्ते यांचं पाणी गोळा करून, पाईपात घालून एका जागी जोरानं सोडणं ही नैसर्गिक उतरण नव्हे. त्यासाठी खालच्या मालकाची संमती आणि वेगळा वहिवाटीचा हक्क लागतो.

काय करावं, ते क्रमानं : आधी पाईपाचं तोंड, व्यास, बांधापासूनचं अंतर आणि पिकाची स्थिती यांचे तारखेसह फोटो घ्या आणि तलाठ्यांकडून पंचनामा होतो का ते पाहा. मग ज्या कार्यालयानं ले-आऊट मंजूर केला तिथून मंजूर रेखांकनाची प्रत माहिती अधिकारात मागा. त्यात शेवटचं मुख कुठं दाखवलं आहे ते बघा. नकाशात नाल्यावर आणि प्रत्यक्षात तुमच्या बांधावर असेल तर तक्रारीला तोच सर्वांत भक्कम मुद्दा आहे. अंतिम मंजुरी व्हायची असेल तर त्याआधीच हरकत द्या. वाट पाहू नका. उघडपणे, अडथळ्याविना २० वर्षं वहिवाट चालली तर तिचा हक्क तयार होऊ शकतो, त्यामुळे हरकत लेखी आणि पोच घेतलेली असावी.

पाणी द्यायला तुमची हरकतच नसेल, तर फुकट आणि तोंडी देऊ नका. पट्टीची रुंदी, पाईपाचं माप, सेकंदाला जास्तीत जास्त किती लिटर, दुरुस्ती कुणी करायची, पिकाच्या नुकसानीचा हिशेब कसा, हे सारं नोंदणीकृत दस्तात घ्या आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कात नोंद करून घ्या. विकसन करारनामा करणाऱ्या मालकांनीही हे वाचावं : खालच्या शेतातून जाणारी पट्टी तुमच्या पावसाळी पाणी व्यवस्थेचाच भाग आहे. ती मिळकतीच्या बाहेर असली तरी व्याख्येत आणि नकाशात आलीच पाहिजे.

आमच्या गटातून ओढा जातो. विकसक म्हणतो तोच पावसाळी गटार म्हणून दाखवू आणि पाईपात घालून वर रस्ता करू. (तासगाव रस्ता, सांगली)

हे करू देऊ नका. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम २० प्रमाणे नदी, ओढे, नाले यांची पात्रं, कुणाची खासगी मालमत्ता असल्याचं सिद्ध होत नसेल तर, शासनाची असतात. ते तुमचं बांधकाम नव्हे, त्यामुळे तुमच्या व्यवस्थेच्या व्याख्येतही ते बसत नाही. तुमची व्यवस्था ओढ्यात पाणी सोडते, ओढा तुमची व्यवस्था होत नाही.

पाईपाचं गणितही जमत नाही. तुमच्या एक हेक्टरला ४५० मिलिमीटरचा पाईप लागतो. ओढ्यात मात्र वरच्या शेकडो हेक्टरांचं पाणी येतं. ते पाईपात कोंबलं की पाईपाचं तोंड काट्याकुट्यांनी आवळतं आणि पाणी वरून, म्हणजे रस्त्यावरून आणि प्लॉटांतून वाट काढतं. ओढा उघडा ठेवा, नियमाप्रमाणे दोन्ही काठांना अंतर सोडा आणि जिथं रस्ता ओलांडतो तिथं फक्त मोरी घाला. मोरीचं माप पाटबंधारे किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाच्या अभियंत्याकडून तपासून घ्या.

आमचा प्लॉट डोंगरउताराला आहे. गटार आहे, तरी रस्त्यावरून दगडमाती वाहत येते. (सातारा)

उतारावर पाणी वाहून नेण्यापेक्षा ते अडवून वळवणं आधी येतं. ले-आऊटच्या वरच्या हद्दीला समपातळीजवळचा, किंचित उतार दिलेला चर हवा, जो डोंगराचं पाणी रस्त्यावर येण्याआधीच बाजूच्या ओढ्याकडे नेईल. तीव्र उतारावर गटाराला टप्पे द्यावे लागतात, कारण वेग सेकंदाला ३ मीटरच्या पुढं गेला की काँक्रीटचा तळ झिजू लागतो. प्रत्येक टप्प्याच्या चेंबरला खाली ३० ते ५० सेंटिमीटरचं गाळकुंड ठेवा. हा वरचा चर बहुतेक करारांत नसतोच, कारण तो रस्त्याकडेला नसतो. तक्त्यात पहिल्या ओळीत तोच लिहा.

प्लॉट घेऊन तीन वर्षं झाली. आता गटार तुंबतं. विकसक म्हणतो महापालिकेकडं जा, महापालिका म्हणते हस्तांतर झालेलं नाही. जबाबदारी कुणाची? (वाचक, सांगली)

प्रकल्प महारेरात, म्हणजे बांधकाम आणि प्लॉट प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणात, नोंदलेला असेल तर उत्तर बरंच स्पष्ट आहे. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवरचे प्लॉटचे ले-आऊटही रेरा कायदा २०१६ खाली येतात. कलम ११ प्रमाणे प्लॉटधारकांची संस्था ताबा घेईपर्यंत आवश्यक सेवा पुरवण्याची आणि त्यांची देखभाल करण्याची जबाबदारी प्रवर्तकावर, म्हणजे विकसकावर असते. कलम १४ प्रमाणे ताबा दिल्यापासून ५ वर्षांच्या आत कामाच्या दर्जातला किंवा सेवांमधला दोष लक्षात आणून दिला, तर तो ३० दिवसांत, जादा पैसे न घेता दुरुस्त करावा लागतो. तुमची तीन वर्षं झाली आहेत, दोन शिल्लक आहेत. त्यामुळे लेखी नोटीस आजच पाठवा. त्याच कलमात मंजूर रेखांकन आणि सामाईक जागा बदलायला दोनतृतीयांश प्लॉटधारकांची लेखी संमती लागते, हेही लक्षात असू द्या. तळं बुजवून प्लॉट पाडण्याचा बेत त्यानं अडवता येतो.

पण नोटिशीआधी गटार कशामुळे तुंबतं, ते फिरून बघा. दर प्लॉटच्या फाटकापुढं रॅम्प असतो आणि रॅम्पखाली घरमालकानं चार इंची पाईप टाकून वर काँक्रीट ओतलेलं असतं. दीड फूट रुंद गटाराचं तोंड असं ठिकठिकाणी चार इंचावर आलेलं असतं. हा दोष विकसकाचा नव्हे, आणि त्याच्यावर ढकलता येत नाही. दुसरी नेहमीची गोष्ट म्हणजे सेप्टिक टाकीचं जादा पाणी रात्रीत गुपचूप पावसाळी गटारात जोडलेलं असतं. तिसरी, डांबराचे थर चढत जातात, रस्ता उंचावतो, जाळ्या थराखाली गाडल्या जातात.

यासाठी खरेदीखतातच तीन अटी घालाव्यात : रॅम्प उचलता येणाऱ्या स्लॅबचा असावा आणि गटाराचं पूर्ण माप मोकळं राहावं, पावसाळी व्यवस्थेत सांडपाणी जोडता येणार नाही, आणि रस्त्यावर नवा थर देताना जुना खरवडून काढावा. विकसन करारात नसेल आणि फक्त खरेदीखतात असेल तरी या अटींचा उपयोग होतो.

हस्तांतराच्या वेळी काय मागायचं? प्रत्यक्ष झालेल्या कामाचा नकाशा, तोही तळपातळ्यांसह. मंजुरीचा नकाशा त्याची जागा घेऊ शकत नाही. दोन चेंबरमध्ये एका टोकाला दिवा आणि दुसऱ्या टोकाला आरसा धरून पाईप सरळ आणि रिकामा आहे ते पाहणं. वरच्या चेंबरमध्ये टँकरभर पाणी सोडून ते शेवटच्या मुखाशी बाहेर पडतं का ते बघणं. आणि हे सगळं पावसाळ्याआधी. जमीनमालकांनी आपल्या वाट्याचे हक्क सोडण्याआधी विकसकाचे एक-दोन प्लॉट दोन पावसाळे होईपर्यंत विक्रीबाहेर ठेवण्याची अट घातली, तर पुढच्या दुरुस्त्या मागाव्या लागत नाहीत. त्याऐवजी बँक हमी चालते, पण तिची मुदत पावसाळ्याच्या तोंडावर संपत नाही ना, ते तपासा.

कृष्णेला पाणी वाढलं की पाऊस नसतानाही आमच्या कॉलनीच्या गटारातून पाणी वर येतं. नव्या ले-आऊटच्या करारात यासाठी काय लिहावं? (सांगली)

नदीचं पाणी गटाराच्या शेवटच्या मुखातून उलटं आत येतं. सांगलीत ही दोन वेगळी संकटं आहेत आणि करारात ती वेगळी लिहावी लागतात. वळीव आणि परतीच्या पावसात जोर गावावर असतो आणि नदी खाली असते. तिथं गटाराचं माप कामी येतं. जुलै-ऑगस्टमध्ये महाबळेश्वर-कोयनेकडच्या पावसानं नदी चढते, त्या वेळी गटार कितीही मोठं असलं तरी त्याचं तोंड पाण्याखाली असतं. आयर्विन पुलाजवळची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं.

पुलावरचे फूट म्हणजे तुमच्या प्लॉटची उंची नव्हे. मोजणीदाराकडून शेवटच्या मुखाची तळपातळी समुद्रसपाटीपासून काढून घ्या आणि पुलाच्या मोजपट्टीच्या शून्याशी तिचा मेळ घाला. मग तक्त्यात एक ओळ येते : पुलावर अमुक फूट पाणी झालं की हे मुख बुडतं. खरेदीदाराला ही ओळ ठाऊक असणं हा त्याचा हक्क आहे असं आम्ही मानतो.

मुखाशी एकाच दिशेनं उघडणारी लोखंडी किंवा रबरी झडप बसवा. तिच्या आधी एक खोल चेंबर ठेवा. झडप बंद असताना आत पडलेला पाऊस तिथं साठेल आणि तिथूनच पंप लावता येईल. पंपाचा ओटा, विजेचं कनेक्शन आणि जनरेटरची जागा मुख बुडण्याच्या पातळीच्या चांगली वर हवी, नाहीतर पुरात पहिल्यांदा पंपच बुडतो. झडपेच्या बिजागरीत लाकडाचा तुकडा अडकला तरी ती बंद होत नाही, म्हणून मे महिन्यात आणि नदी चढायला लागली की पुन्हा अशी दोनदा तपासणी कुणी करायची, त्याचं पद करारात लिहा.

निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पाणी धरण्याचं तळं पूररेषेच्या आत दाखवून चालणार नाही. नदी आली की ते नदीच्याच पाण्यानं भरलेलं असतं, आपल्या पावसाला त्यात जागा उरत नाही.

शोषखड्डा केला की बाकी काही लागत नाही, असं सांगतात. खरं का? (मिरज)

काळ्या मातीत नाही. ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्लॉटला पर्जन्यजल संधारण नियमानं करावं लागतं, ते करा. पण काळ्या मातीत खणलेला खड्डा भरून राहतो. खड्डा मुरमापर्यंत गेला पाहिजे, आणि नदीकाठी पावसाळ्यात भूजल वर आलेलं असेल तर मुरूमही पाणी घेत नाही. खड्डा खणून त्यात पाणी भरा आणि तासाला पातळी किती उतरते ते मोजा. ही चाचणी ऑगस्टमध्ये घ्या. एप्रिलमध्ये भेगाळलेली जमीन सगळंच पिते. खड्ड्याच्या आधी गाळकुंडी हवी आणि वरचा वाळूचा थर दरवर्षी बदलायला हवा. मोठ्या सरीचं पाणी शोषखड्ड्यात जाईल असं धरून गटाराचं माप कमी करू नका. तक्त्यात शोषखड्ड्याच्या ओळीपुढं वहनक्षमतेच्या रकान्यात शून्य लिहा.